बारीकबाईंची एका दिवसाची चूक

ऑफिसात त्यांना बारीकबाई म्हणत, आणि हे नाव ऐकून पहिल्यांदा भेटायला येणारा माणूस दारातच गोंधळत असे. कारण बाई अंगानं चांगल्या भरलेल्या. लिफ्ट बंद असली की तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत दोनदा थांबायच्या, आणि दम लागलाय हे कळू नये म्हणून जिन्यातल्या जुन्या नोटिसा मन लावून वाचायच्या. बारीक होतं ते त्यांचं काम.

ते काम असं. सगळ्या जगाच्या हवेचं गणित करणारी जी मोठमोठी मॉडेलं असतात, त्यांना पृथ्वी चौकोनांत दिसते. एकेक चौकोन शंभर शंभर किलोमीटरचा. त्या चौकोनात डोंगर असो, डोंगराच्या अलीकडचं ओलं खोरं असो की पलीकडचं कोरडं, मॉडेल सगळ्यांना मिळून एकच पाऊस आणि एकच तापमान देतं. घरातल्या लहानथोरांना एकाच मापाचा सदरा शिवावा तसं. पन्नास वर्षांनी आमच्या गावात किती पाऊस पडेल असं कुणी विचारलं, तर त्या सदऱ्याचा काही उपयोग नसतो. मग बाई जुन्या नोंदी काढत. अमुक प्रकारची हवा होती त्या दिवशी या गावात किती पडला, त्या गावात किती, असे तीस-तीस वर्षांचे दिवस जुळवून पाहत, त्यातून हवेचं आणि गावाचं नातं शोधत, आणि तेच नातं मॉडेलच्या पुढच्या वर्षांना लावत. जाड्याभरड्या आकड्यातून गावाचा बारीक आकडा काढायचा, म्हणून बारीकबाई. हे नाव साहेबांनी ठेवलं होतं, आणि आपण फार विनोदी आहोत असं साहेबांना तेव्हापासून वाटत आलं आहे.

या कामाचा सगळा भार असतो मोजणाऱ्यांवर. कुठे शाळेचा माळी, कुठे धरणावरचा चौकीदार, कुठे पाणीपुरवठ्याचा पंपवाला. रोज सकाळी आठला पर्जन्यमापकातलं पाणी काचेच्या मापात ओतायचं, मिलिमीटर वाचायचे, शेजारच्या तापमापकावरचं तापमान बघायचं, दोन्ही वहीत लिहायचं, सही करायची. नियम असा की ज्या तारखेला मोजलं त्याच तारखेच्या ओळीत लिहायचं. म्हणजे बारा तारखेच्या ओळीतला पाऊस बहुतेक अकराला पडलेला असतो. बाईंना हे तोंडपाठ. मॉडेलशी जुळवण्याआधी त्या प्रत्येक गावाचे आकडे एक दिवस मागे सरकवत आणि मगच पुढचं काम करत.

दोन वर्षांपूर्वी बेचाळीस गावांच्या वह्या त्यांच्याकडे आल्या, म्हणजे पानांचे फोटो आले. त्यात एक वही अशी निघाली की तिच्यात पावसाच्या आकड्यापुढे, शेऱ्याच्या रकान्यात, एकच शब्द होता: कालचा. एकतीस वर्षं, जिथे पाऊस तिथे कालचा. बाईंनी चष्मा कपाळावर चढवला आणि अर्थ लावून टाकला. हा गृहस्थ तेराला मोजतो, पण पाऊस कालचा म्हणून बाराच्या ओळीत लिहितो. नियम सोडून स्वतःची अक्कल चालवतो. म्हणजे याचे आकडे आधीच मागे सरकलेले आहेत, आपण पुन्हा सरकवायला नकोत. वहीच्या पहिल्या पानावर मोजणाऱ्याचा फोन नंबर होता. पण शुक्रवार होता, अहवाल सोमवारी द्यायचा होता, आणि अर्थ तर लागलाच होता. त्यांनी फोन केला नाही.

मग त्या वहीचं मॉडेलशी काही केल्या जुळेना. हवा भरून आलेली तेव्हा वहीत शून्य, आणि हवा कोरडी ठणठणीत तेव्हा वहीत चाळीस मिलिमीटर. तापमान मात्र बऱ्यापैकी जुळत होतं. खरं तर तिथेच बाईंनी थांबायला हवं होतं. पाऊस एक दिवस सरकला की सगळं बिघडतं. पण कालची दुपार आणि आजची दुपार सख्ख्या बहिणी, तापमान सरकलं तरी चटकन कळत नाही. एवढी साधी गोष्ट बाईंना सुचली नाही, कारण तोवर त्यांनी माणसाबद्दल मत बनवलं होतं. तापमान काय, वर्तमानपत्रातूनही उतरवता येतं, असं त्या मनाशी म्हणाल्या. त्यात वहीत दोन अक्षरं होती, एक उजवीकडे कललेलं आणि एक गोल, सरळ. सही मात्र सगळीकडे एकाचीच. साप साप म्हणून भुई धोपटायला एवढं पुरतं.

अहवालात त्यांनी लिहिलं: 'या केंद्राच्या नोंदी दोन हस्ताक्षरांत असून सही एकाचीच आहे. नोंदी प्रत्यक्ष न मोजता घरबसल्या केल्या असण्याची शक्यता वाटते.' ते 'शक्यता वाटते' त्यांनी मुद्दाम घातलं होतं. दोन शब्द जास्त लिहिले की आपण न्यायानं वागलो असं लिहिणाऱ्याला वाटतं. खात्याला तशीही काही केंद्रं बंद करायचीच होती. खात्यानं बाईंचं वाक्य जसंच्या तसं उचलून त्या माणसाला पत्र पाठवलं आणि महिन्याभरात गाडी नेऊन पर्जन्यमापक उखडून आणलं. बाईंना ते चहाच्या वेळी कुणीतरी सांगितलं. बरं झालं, असं म्हणून बाईंनी बिस्कीट चहात बुडवलं.

यंदा नवी मॉडेलं आली आणि सगळं काम पहिल्यापासून करायचं ठरलं. या वेळी बाईंनी तपासणीची एक जादा पायरी घातली: प्रत्येक गावाचे आकडे एक दिवस पुढे आणि एक दिवस मागे सरकवून बघायचे, आणि कुठे उत्तम जुळतात ते यंत्रालाच ठरवू द्यायचं. जुन्या यादीतून ते बंद पडलेलं केंद्रही आत गेलं, काढायचं राहून गेलं होतं. मंगळवारी सकाळी सव्वाअकराला निकालाची यादी पडद्यावर आली. बेचाळीस गावांत पहिला नंबर त्याच गावाचा. एक दिवस मागे सरकवल्याबरोबर एकतीस वर्षांचा पाऊस हवेच्या मागोमाग असा चालत होता की इतर गावांनी त्याच्याकडे बघून शिकावं.

बाईंनी यादी तीनदा पुन्हा काढली. आकडा तोच. म्हणजे 'कालचा' याचा अर्थ एवढाच होता की हा पाऊस काल पडलेला आहे. बाराला मोजला, नियमाप्रमाणे बाराच्याच ओळीत लिहिला, आणि वाचणाऱ्याचा गोंधळ नको म्हणून पुढे लिहिलं, कालचा. नियम पाळून वर आणखी कुणी एवढी काळजी घेईल, हे बाईंच्या डोक्यातच आलं नव्हतं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथे तर चोर नव्हताच. शेजारच्या टेबलावरून कुणीतरी काहीतरी विचारलं, त्याला त्यांनी भलतंच उत्तर दिलं.

त्यानंतरचे नऊ दिवस बाई काहीच करत नव्हत्या असं नाही. उलट फार करत होत्या. फायलींची कपाटं लावली. एका मैत्रिणीचं भाषांतराचं काम उगाच अंगावर घेतलं. त्यांच्या नवऱ्याचं चष्म्याचं दुकान होतं, आणि जगातल्या सगळ्या दुखण्यांवर त्याच्याकडे एकच निदान असायचं.

"काय झालंय तुला?" त्यानं जेवताना विचारलं.

"डोकं दुखतंय."

"नंबर वाढला असेल. उद्या दुकानात ये."

बाई दुसऱ्या दिवशी खरंच दुकानात जाऊन बसल्या. नवरा काचा बदलत विचारत राहिला, ही बरी की ही, आणि त्या दोन्हींना बरी म्हणत राहिल्या. नंबर वाढला नव्हता. खाई त्याला खवखवे, दुसरं काही नाही. आपण एका माणसाला खोटारडा म्हटलं, तेही न बघता, न विचारता, आणि तो खोटारडा नव्हता. हे वाक्य त्यांच्या मनात एवढ्या वेळा आलं की ते शेवटी दुसऱ्या कुणाबद्दल असावं असं वाटायला लागलं. तेव्हा मात्र त्या घाबरल्या आणि साहेबांकडे गेल्या.

"साहेब, मागच्या अहवालात माझी चूक झालीय."

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. ऐकताना मान डोलावत होते, त्यावरून बाईंना वाटलं की समजतंय.

"हे कुणाच्या लक्षात आलंय?" त्यांनी विचारलं.

"माझ्या."

"मग अजून कुणाच्याच नाही. बाई, झाकली मूठ सव्वा लाखाची. नव्या कामात ते केंद्र परत घ्या, मापक पुन्हा बसवून देऊ. विषय संपला."

"आणि त्या माणसाचं काय? त्याला लेखी गेलंय आपलं."

"मग आपणही लेखी देऊ."

पत्र तयार झालं. 'तांत्रिक कारणाने झालेल्या गैरसमजामुळे आपले केंद्र बंद करण्यात आले होते. आपल्या नोंदी अचूक असल्याचे आढळून आले आहे.' तांत्रिक कारण या गृहस्थाला हात नसतात, पाय नसतात, नाव तर नसतंच; ऑफिसांचं त्याच्यावाचून पान हलत नाही. बाईंनी पत्र वाचलं. आधी 'माझ्याकडून' असं त्यांनी लिहिलं होतं, ते साहेबांनी खोडलं होतं. खरं सांगायचं तर बाईंना हायसं वाटलं. मग हायसं वाटल्याची लाज वाटली. पत्र पोस्टानं पाठवायचं नाही, स्वतः जाऊन द्यायचं, एवढं मात्र त्यांनी ठरवलं आणि त्याच संध्याकाळी वहीतल्या त्या नंबरावर फोन लावला. आमच्या ऑफिसातून एक पत्र घेऊन येतेय, एवढंच बोलल्या.

दोन तासांचा बसचा रस्ता. गाव खोऱ्यात, आणि गावाच्या वर टेकाडावर पाण्याची टाकी. टाकीच्या फाटकाशी एक माणूस सायकलची चेन चढवत बसला होता. त्याला बाईंनी पत्ता विचारला.

"घरबसे काका का?" तो म्हणाला. "टाकीमागचं पिवळं घर."

बाई जागच्या जागी उभ्या राहिल्या. हा शब्द गावात बसनं आला नव्हता. तो त्यांनी एका शुक्रवारी दुपारी, खुर्चीत बसून लिहिला होता, आणि इथे त्याचं माणसाला नाव झालं होतं.

काका दारातच वाट बघत होते. उंच, वाळकेसे, इस्त्रीचा सदरा घातलेला. ऑफिसचं माणूस येणार म्हणून घातला असावा. पंपावरून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती. घराच्या बाजूला तारेचं कुंपण घातलेली मोकळी जागा होती, आत सिमेंटचा चौथरा आणि त्यातून वर आलेले चार गंजके बोल्ट. तिकडे बाईंनी दुसऱ्यांदा पाहिलं नाही. पुढची खोली लहान, दोन खुर्च्या, एक पलंग, भिंतीवर पंपाच्या कंपनीचं जुनं कॅलेंडर. आतल्या खोलीत कुणीतरी कपड्यांच्या घड्या घालत होतं.

काकांनी पत्र उभ्यानंच वाचलं, मग खुर्चीत बसून परत वाचलं.

"अचूक," ते म्हणाले. "मॅडम, हे तांत्रिक कारण म्हणजे काय?"

बसमध्ये बाईंनी या प्रश्नाची दोन-तीन उत्तरं जुळवून ठेवली होती. त्यातलं एकही बाहेर आलं नाही.

"म्हणजे मी," त्या म्हणाल्या.

काकांना कळलं नाही.

"ते घरबसल्याचं वाक्य मी लिहिलं होतं. तुम्ही पुढे 'कालचा' लिहायचात ना, त्याचा मी उलटा अर्थ घेतला. मला वाटलं तुम्ही आदल्या दिवसाच्या ओळीत लिहिताय. म्हणून तुमचा पाऊस माझ्याकडे एक दिवस उशिरा पडायला लागला आणि कशाशीच जुळेना. मला वाटलं, मनानं लिहिलंय."

"त्या एका शब्दावरून?"

"त्या एका शब्दावरून."

काकांनी पत्र मांडीवर ठेवून हातानं सरळ केलं. रागावले असते तर बाईंना बरं वाटलं असतं. शिव्या खाल्ल्या की हिशेब थोडा तरी फिटतो.

"एक फोन करायचा होता, मॅडम," ते शेवटी म्हणाले, तेही समजुतीच्या सुरात. "मी सांगितलं असतं."

"हो. करायला हवा होता."

आतला आवाज कधीचा थांबला होता. काकू दारात येऊन उभ्या होत्या, हातात अर्धी घडी घातलेला टॉवेल.

"परत सांगा एकदा," त्या बाईंना म्हणाल्या. "सगळं. पहिल्यापासून."

बाईंनी परत सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना ते जास्त लाजिरवाणं वाटलं.

"तो शब्द मी सुरू केला," सगळं ऐकून झाल्यावर त्या म्हणाल्या. "यांची आठवड्याआड सकाळपाळी असायची. पहाटे सहाला पंपावर. त्या आठवड्यात आठला मीच मोजायची. एकदा शेजारचं कुणीतरी वही बघून हसलं, आज थेंब नाही पडला आणि काकूंनी तीस लिहिलेत. म्हणून मी पुढे लिहायला लागले, कालचा. ते बघून हे पण लिहायला लागले. कुणाचा घोळ व्हायला नको म्हणून लिहिलं हो."

"गोल अक्षर तुमचं," बाई म्हणाल्या.

"माझं."

तेव्हा बाईंच्या लक्षात आलं की आपण एकट्या काकांनाच खोटारडं म्हटलं नव्हतं. दोन हस्ताक्षरं, एक सही. ज्याची सही होती त्याला स्वतःचं माहीत होतं की आपण रोज मोजलं. मग खोटं कुणी लिहिलं असेल, हे त्या वाक्यानं त्याला दुसऱ्या अक्षराकडे बोट दाखवून सांगितलं होतं.

"तुमचं पत्र आलं त्या दिवशी यांनी मला विचारलं," काकू म्हणाल्या. त्या बोलत होत्या बाईंशी आणि बघत होत्या टॉवेलकडे. "खरं सांग, माझ्या सकाळपाळीला तू रोज बाहेर जाऊन मोजत होतीस ना. मी म्हटलं, रोज. धाकटीला ताप होता तेव्हा तिला कडेवर घेऊन मोजलाय. हे म्हणाले, बरं."

"अगं, मी तसं..." काका म्हणाले.

"तसंच म्हणालात. बरं. दोन वर्षं झाली. भाजीत मीठ बरोबर आहे का, तर बरं. धाकटीकडे चार दिवस जाऊन येऊ का, तर बरं. लोक तुम्हाला घरबसे म्हणायचे तेव्हा तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत की आमच्या घरात रोज मोजलं जायचं. मी मोजलं, एवढंच म्हणायचात. मी."

काकांनी पत्राची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. या पत्रात त्यांच्या दोन वर्षांची भरपाई होती, आणि ते हातात धरवत नव्हतं असं त्यांच्याकडे बघून वाटत होतं.

"काकू, मला माफ करा," बाई म्हणाल्या. त्यांना रडू येत होतं आणि रडायचा हक्क आपल्याला नाही हेही कळत होतं.

"तुमचं काय," काकू म्हणाल्या, आणि त्यात कुजकेपणा नव्हता. "तुम्ही मला कुठे ओळखत होतात. तुम्ही कागद बघितला, कागदावरून बोललात."

बाईंना उठून जावंसं वाटत होतं आणि आपण उठलो की ही दोघं समोरासमोर राहतील या विचारानं उठवत नव्हतं. आल्या होत्या आपल्या डोक्यावरचं ओझं उतरवायला. ते उतरलं खरं, पण जमिनीवर नाही, समोरच्या खुर्चीत बसलेल्या म्हाताऱ्याच्या डोक्यावर. दोन वर्षं बायकोवर संशय धरणारा माणूस आज सकाळपर्यंत स्वतःला अन्याय झालेला समजत होता.

काकूंनी टॉवेलची घडी पुरी केली.

"मापक परत बसवणार का?"

"बसवणार. पुढच्या महिन्यात."

"सही कुणाची असते?"

"जो मोजेल त्याची."

"मग माझ्या दिवशी माझी," काकू म्हणाल्या आणि चहा टाकायला आत गेल्या. चहा आला, तिघांनी प्यायला. काकूंनी बाईंना मुलाबाळांचं विचारलं, परतीची बस कितीची आहे ते विचारलं. काकांशी त्या काही बोलल्या नाहीत, त्यांचा कप मात्र त्यांच्या हाताशी, कान उजवीकडे येईल असा ठेवला.

काका बाईंना फाटकापर्यंत सोडायला आले. नको म्हटलं तरी आले. फाटकाशी पोचल्यावरही थांबले नाहीत, रस्ता ओलांडून बस थांब्यापर्यंत आले. घरी लवकर परतायची त्यांना घाई नव्हती. सायकलवाला माणूस तिथेच होता. त्यानं दोघांकडे पाहिलं, पण काका त्याला काही सांगायला गेले नाहीत. खिशात पत्र होतं, अचूक म्हणणारं, शिक्क्याचं, तरी गेले नाहीत.

बस लांबून दिसायला लागली तेव्हा ते म्हणाले, "मी तिला विचारलं होतं, मॅडम. आणि तिनं सांगितलं होतं."

या माणसानं निदान विचारलं होतं, बाईंच्या मनात आलं. आपण तेवढंही केलं नव्हतं. आणि तरी आपल्याला बसमध्ये चढून निघून जाता येणार होतं. काकांना त्याच घरात परत जायचं होतं.